चाल कुणाची, ठेका कुणाचा

जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात एक खटला चालला. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ या गाण्याची सुरुवात उचललेली आहे का, एवढाच प्रश्न होता. ‘स्पिरिट’ या अमेरिकी बँडच्या रँडी कॅलिफोर्नियाची ‘टॉरस’ ही छोटीशी वाद्यरचना १९६८ची, ‘स्टेअरवे’ १९७१चं. दोन्हींत गिटारवर अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जाणारी एक ओळ आहे. रँडी १९९७ सालीच गेला होता. दावा लावला होता तो त्याच्या मागे राहिलेल्या न्यासाच्या विश्वस्तांनी. गंमत अशी की ज्या तबकडीवरून हे भांडण पेटलं, ती ज्यूरीला ऐकवलीच गेली नाही. कायदा लागू होता १९०९चा, आणि त्यात संरक्षण होतं ते कॉपीराइट कार्यालयात जमा केलेल्या नोटेशनच्या कागदाला. तेव्हा त्या कागदावरचे स्वर कुणीतरी वाजवून दाखवायचे आणि ज्यूरीने त्यावरून ठरवायचं. मूळ वाजवण्यातला श्वास, दाब, गिटारचा पोत, खोलीचा आवाज हे सगळं न्यायालयाच्या दाराबाहेर.

निकाल झेपलिनच्या बाजूने लागला. २०१८ मध्ये अपिलात तो फिरला, मार्च २०२० मध्ये मोठ्या पीठाने मूळ निकालच कायम केला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिल्यावर विषय मिटला. मला हा निकाल बरोबर वाटतो. तशी उतरती ओळ युरोपच्या संगीतात शतकानुशतकं आहे. ती एकट्याची म्हणणं म्हणजे भैरवीच्या कोमल रिषभाचा सातबारा स्वतःच्या नावावर करून मागण्यासारखं. पण तो कागद काही डोक्यातून जात नाही. या बँडबद्दल गेली पन्नासहून अधिक वर्षं जो वाद चालू आहे, तोसुद्धा मला असाच वाटतो: कागद समोर ठेवून, तबकडी न ऐकता चाललेला.

एका बाजूची मंडळी म्हणतात, हे लोक चोर. काळ्या गरीब गायकांची गाणी घेतली, आवाज वाढवला आणि विमानं उडवली. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, यांच्यापुढे कुणी झालं नाही, होणार नाही, आणि चोरीबिरी सगळी मत्सरी लोकांची बडबड. दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र नकळत एकमत आहेत. बँड मोठा ठरायचा असेल तर त्याची गाणी त्याची स्वतःची असायला हवीत, हे दोघांनी धरूनच चाललेलं आहे. मला तेच मान्य नाही. माझं म्हणणं असं की लेड झेपलिनने चाली उचलल्या हे खरं आहे, त्याबद्दल त्यांना दोष द्यायलाच हवा, आणि तरीही त्यांचं मोठेपण तिळभर कमी होत नाही. कारण ते मोठेपण चालीत नव्हतंच कधी.

आधी दोष. तो नीट मोजून द्यावा, कारण चाहते तो झाकतात आणि विरोधक सरसकट वाटतात.

१९६९च्या दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं ‘होल लॉटा लव्ह’. शिकागोच्या चेस रेकॉर्ड्समध्ये बेस वाजवणारा आणि गाणी लिहिणारा विली डिक्सन याचं ‘यू नीड लव्ह’ ब्लूजगायक मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलं होतं. झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट याच्या तोंडचे बरेचसे शब्द तिथलेच. तबकडीवर नावं मात्र झेपलिनच्या चौघांची. डिक्सनने १९८५ मध्ये दावा केला, न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि पुढे त्याचं नाव लागलं. त्याच अल्बममधल्या ‘द लेमन साँग’मध्ये हाउलिन वुल्फचं ‘किलिंग फ्लोअर’ आहे. तिथेही पैसे देऊन मिटवावं लागलं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ तर जेक होम्स नावाच्या गोऱ्या लोकगायकाचं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला तो यार्डबर्ड्स या ब्रिटिश बँडच्या आधी मंचावर आला होता, आणि यार्डबर्ड्सचा तेव्हाचा गिटारवादक होता जिमी पेज, पुढे झेपलिनचा. झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर रचनाकार म्हणून नाव एकट्या पेजचं. होम्सने २०१० मध्ये दावा केला. तोही मिटला, आणि त्यानंतर निघालेल्या तबकडीवर ‘जेक होम्सवरून प्रेरित’ असे शब्द आले. ‘प्रेरित’ हा शब्द इथे जरा जास्तच सोवळा आहे.

यावर चाहत्यांचं ठरलेलं उत्तर असतं की ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते गाणं, ही मौखिक परंपरा, तिथे ओळी या तोंडून त्या तोंडी जात असतात, सगळेच सगळ्यांचं घेत असतात. हे उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. कारण त्याच पहिल्या अल्बमवर डिक्सनची दुसरी दोन गाणी आहेत आणि त्यांवर त्याचं नाव व्यवस्थित छापलेलं आहे. चौथ्या अल्बममधल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’वर मेम्फिस मिनीचं नाव आहे. तिसऱ्यावर ‘गॅलोज पोल’ला ‘पारंपरिक’ असं लिहिलंय. म्हणजे श्रेय कसं द्यायचं हे यांना चांगलं माहीत होतं. जिथे दिलं नाही तिथे ते विसरले असं मानायला मी तयार नाही. अपवाद एकच करतो. ‘बेब आय्म गॉना लीव्ह यू’ हे अ‍ॅन ब्रेडन या बाईंचं गाणं त्यांनी जोन बाएझ या गायिकेच्या तबकडीवरून घेतलं आणि तिथेच ते पारंपरिक म्हणून छापलेलं होतं. तिथे ते खरोखर फसले. ब्रेडनबाईंना हे कळायला ऐंशीचं दशक उजाडलं.

आता आपल्याकडे बघा. मौखिक परंपरा काय असते हे मराठी माणसाला इंग्लंडच्या गिटारवादकाने शिकवायची गरज नाही. दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारातला नियामत खाँ जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली. आजही एखादी विशीतली मुलगी पुण्यात बडा ख्याल मांडते आणि अंतऱ्यात ‘सदारंग’ म्हणते तेव्हा त्याचं नाव घेते. त्या बंदिशीची रॉयल्टी कुणाला जात नाही, पण नाव जातं. फैयाज खाँची ‘प्रेमपिया’ ही मुद्रा, म्हणजे बंदिशीत गुंफलेली सही, जगन्नाथबुवा पुरोहितांची ‘गुणिदास’. आणि ‘तुका म्हणे’ काढून अभंग गाऊन दाखवा बरं, वृत्तच मोडेल. नाव गाण्याच्या पोटात शिवलेलं आहे, उसवलं तर कापड फाटतं. गायकाने त्यावर काय वाटेल ते करावं, ताना घ्याव्यात, लय बदलावी, अभंगाला नवी चाल लावावी, नाव तेवढं जागेवर राहतं.

त्याहून जवळचं उदाहरण संगीत नाटकाचं. आमच्या घरी आजोबांकडची काही छापील नाटकं होती, पानं पिवळी पडून कडा गळत असलेली. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग, ताल आणि ‘चाल’ अशी ओळ. ही चाल अमक्या ठुमरीची, ही कानडी पदाची, ही लावणीची. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून मराठी रंगभूमीने उसन्या चालींवर अख्खा संसार केला, आणि उसनवारीची नोंद पदाच्या माथ्यावर छापली. कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. नाट्यगृहात लोक चाल कुठली हे माहीत असूनही ‘वन्स मोअर’ द्यायचे, कारण त्यांना हवा असायचा तो गळा. पेजने तबकडीच्या लेबलावर तेवढी एक बारीक ओळ छापली असती, तर पुढचे निम्मे खटले झाले नसते. (आपल्या हिंदी सिनेमातल्या संगीतकारांनी ती ओळ किती वेळा छापली, हा प्रश्न मी मुद्दाम पुढच्या वेळेसाठी ठेवतो.)

मग चाली दुसऱ्याच्या, तर यांचं काय? इथे मला १९६९ मधल्या एका परीक्षणाची आठवण होते. ‘रोलिंग स्टोन’ मासिकात जॉन मेंडेलसोनने पहिल्या अल्बमवर कोरडे ओढले. पेज हा तोकडा निर्माता आहे आणि त्याची गाणी दुबळी, कल्पनाशून्य आहेत, असा त्याचा सूर होता. गाण्यांबद्दल तो निम्मा बरोबर होता. निर्मात्याबद्दल मात्र त्याच्याइतकी मोठी चूक रॉक समीक्षेत फार कमी जणांनी केली असेल.

हँपशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाची जुनी इमारत आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी गोरगरिबांना कामाला जुंपून पोसण्यासाठी बांधलेली. तिथे चौथ्या अल्बमचं काम चाललं होतं, ध्वनिमुद्रणाची फिरती गाडी बाहेर उभी होती. झेपलिनचा ड्रमर जॉन बोनहॅम याचा ड्रमसेट मांडला तो तळमजल्याच्या प्रवेशदालनात, जिथून जिना सरळ वर तीन मजले जातो. आणि माइक? ड्रमच्या तोंडाशी लावायचे ते अभियंता अँडी जॉन्सने वर जिन्यात टांगले, दोनच. ठोका पडला की तो भिंतींवर आपटत, जिना चढत वर जायचा आणि माइकला भेटायचा तेव्हा त्याच्या अंगावर अख्ख्या घराचा आकार असायचा. पेजचं सूत्र साधं होतं, अंतर ठेवलं की आवाजाला खोली येते. गाभाऱ्यात घंटा वाजवली आणि तीच अंगणात वाजवली तर काय फरक पडतो, हे ज्याला कळतं त्याला पेज कळला.

ते गाणं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मूळ १९२९चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, १९२७च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. मूळ ऐकाल तर दोन गिटारी, हलकी तुरुतुरु चाल, जवळजवळ आनंदी. शब्द बंधारा फुटल्याचे, सूर चालत्या माणसाचा. झेपलिनचं ऐकाल तर पहिल्या ठोक्यालाच पाणी दाराशी येतं. शब्द तेच, आणि तरी पूर आला तो इथे. मैफिलीत हे गाणं त्यांनी फारसं वाजवलंही नाही, कारण ते गाणं म्हणजे तो जिनाच होता. जिना कसा न्यायचा मंचावर?

आणि त्याचा प्रभाव कुठे पोहोचला ते पाहा. १९८६ मध्ये बीस्टी बॉइज या रॅप करणाऱ्या अमेरिकी पोरांचा पहिला अल्बम उघडतो तो बोनहॅमच्या या ठोक्यांवर. १९९५ मध्ये आइसलंडची गायिका ब्यर्क हिने ‘आर्मी ऑफ मी’साठी तेच ठोके घेतले. यांपैकी कुणालाही झेपलिनची चाल नको होती, शब्द नको होते, गिटारसुद्धा नको होती. त्यांना हवी होती हेडली ग्रेंजच्या जिन्यातली हवा. ब्लूजच्या चाली घेणाऱ्यांकडून पुढच्या पिढीने घेतलं ते नेमकं त्यांचं स्वतःचं.

दुसऱ्या बाजूने ताळा करायचा तर ग्रेटा व्हॅन फ्लीट घ्या. मिशिगनची पोरं, गाणी रीतसर स्वतःची, श्रेयाचा कुठेही घोळ नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. तरी ऐकणारा पहिल्याच मिनिटाला म्हणतो, अरे, हे तर झेपलिन. चाल स्वतःची आणि गळा दुसऱ्याचा असला की काय होतं याचा हा चालता-बोलता नमुना. झेपलिनचं बरोब्बर उलटं होतं. त्यांनी विली डिक्सनचे शब्द गायले तरी कुणी ‘अरे, हे तर मडी वॉटर्स’ म्हणत नाही. मडी वॉटर्सचा आवाज एका छोट्या खोलीत तुमच्याशी बोलतो, प्लांटचा डोंगरावरून हाका मारतो. कोणता श्रेष्ठ, हा मला निरर्थक प्रश्न वाटतो. दोन घराणी आहेत.

घराणं हा शब्द मी जपून वापरतोय. बोनहॅम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेला, अतिमद्यपानाने, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. डिसेंबरात उरलेल्या तिघांनी जाहीर केलं की आता पुढे नाही. ‘द हू’ या बँडचा ड्रमर किथ मून दोन वर्षांआधी गेला होता, त्यांनी नवा ड्रमर घेऊन गाडी पुढे नेली. त्यात वाईट काही नाही. त्यांचं मोठेपण पीट टाउनशेंडच्या लिहिण्यात होतं आणि लिहिणारा जिवंत होता. झेपलिनला ते जमण्यासारखं नव्हतं. बोनहॅम ठोका किंचित मागे धरून द्यायचा, केसभर उशिरा, आणि त्या केसभर अंतरात सगळं वजन होतं. चाल कुणालाही शिकवता येते. हे वजन कुणाला शिकवणार?

बाकीच्या आक्षेपांवर मी फार वेळ घालवणार नाही. शब्द सुमार आहेत, मान्य. प्लांटने टॉल्किनचं गोलम आणि मॉर्डोर प्रेमगीतात आणून बसवलं, ते त्या वयातच शोभतं. मंचावरच्या गाण्यांची लांबी असह्य व्हायची. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ १९७६च्या अल्बमवर पंचवीस मिनिटांच्या वर जातं, आणि मी आयुष्यात ते एकदाच सलग ऐकलंय, तेही बसमध्ये, उतरायला जागा नव्हती म्हणून. १९७६-७७ साली पंकवाले यांना डायनॉसोर म्हणू लागले त्यात तथ्य होतं. हॉटेलांतला धिंगाणा आणि कोवळ्या पोरींशी वागण्याच्या कहाण्या यांना मात्र मी ‘त्या काळचं’ म्हणून सोडून देत नाही. तो दोष आवाजाच्या मोठेपणाने भरून निघत नाही, आणि आवाज कितीही आवडला तरी तो दोष सांगताना जीभ अडखळायचं कारण नाही.

मुंबईचा एक धागा इथे येतो. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईला आले होते. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोमध्ये ते तिथल्या पोरांची वाद्यं घेऊन वाजवून गेले, हा किस्सा दक्षिण मुंबईत आजही चवीने सांगितला जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. ती टेप चाळीस वर्षांहून जास्त पडून राहिली आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत बाहेर आली. ऐकण्यासारखी आहे. ‘फोर स्टिक्स’मध्ये पाच आणि सहा मात्रांचा खेळ आहे, आणि तबला आल्याबरोबर तो खेळ परका वाटेनासा होतो.

गाण्याशेजारी वादकांची ओळख छापली आहे ती अशी: ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. यात दोष सगळा त्या दोघांना देणं सोपं आहे. पण ज्या शहरात ते वाजवायला आले त्या शहराची रीत तरी काय होती? मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करत होते, त्याआधी माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनच्या ओळी लिहायचे आणि प्यारेलालसारख्यांना शिकवायचे. गाणी देशाला पाठ होती, ही नावं मोजक्यांना. गोन्साल्विसांचं नाव घराघरांत पोहोचलं ते १९७७ मध्ये, शिष्याने एका विनोदी गाण्यात गुंफलं म्हणून. तीही एक मुद्राच म्हणायची.

माझी स्वतःची या बँडशी ओळख झाली ती नव्वदच्या दशकात, मित्राने भरून दिलेल्या टीडीकेच्या कॅसेटवर. त्याच सुमारास मी तबला शिकायला जायचो. एकदा क्लास सुटल्यावर गुरुजींना म्हटलं, हे जरा ऐकता का, आणि ‘कश्मीर’ लावलं. हे १९७५चं गाणं, प्लांटला सुचलं ते मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. कश्मीर त्याने पाहिलंही नव्हतं. गुरुजी पाश्चात्त्य संगीताला ‘ते बडवणं’ म्हणायचे. चहाचा कप हातात, चेहऱ्यावर सहनशीलता. अर्ध्या मिनिटाने उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला.

“गिटार तीनात चाललंय,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि हा चारात धरून बसलाय. हलत नाही.” आणखी थोडं मोजलं. “बारावर भेटतात. अरे, बारावर भेटतात आणि परत सुटतात.”

गाणं कुणाचं, शब्द काय, हे गोरे कुठले, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “हा चारात धरणारा कोण?”

“बोनहॅम. गेला तो, ऐंशी साली.”

“कुणाकडे शिकला?”

“कुणाकडेच नाही. ऐकून ऐकून.”

यावर त्यांचा विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. “आणि त्याचं पुढे कोण वाजवतं?”

“मुलगा वाजवतो म्हणतात.”

गुरुजींनी कप खाली ठेवला. “मागे घे जरा,” म्हणाले, “बारा पुन्हा मोजू.”